दगडावरची नावं आणि तिसरीचा वर्ग

बुलढाण्याच्या पोरांना सीमा म्हटलं की मध्य प्रदेश आठवतो. जळगाव जामोदच्या वर सातपुडा चढायचा, पलीकडे उतरायचं, दुकानांच्या पाट्या हिंदीत दिसायला लागल्या की झाली सीमा. घाटावरच्या पोरांच्या वाट्याला तेवढंही नाही. त्यांना सिंदखेड राजाच्या पुढे जालना लागतो, मेहकरच्या पुढे वाशीम. समुद्र नाही, छावणी नाही, काटेरी तार नाही. बर्फ, बंकर, रणगाडे हे सगळं टीव्हीत. असा चहूबाजूंनी देशाच्या पोटात बसलेला हा जिल्हा. युद्धाच्या आठवणीशी त्याचा काय संबंध, असं नकाशा बघणाऱ्याला वाटावं.

संबंध आहे, आणि तो शाळेच्या पटावरच आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी जम्मू-श्रीनगर महामार्गावर, पुलवामा जिल्ह्यातल्या लेथपोऱ्याजवळ, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यातल्या बसवर स्फोटकांनी भरलेली गाडी येऊन आदळली. ४० जवान गेले. त्यातले दोन आपल्या जिल्ह्याचे: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. एक घाटाखालचे, एक घाटावरचे. त्याच वर्षी १ मे रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी पेरलेल्या भूसुरुंगाने १५ पोलिसांचा जीव घेतला. बुलढाण्यातली घरं त्यातही उजाड झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवरून बातमी आली अक्षय गवते या अग्निवीराची. गाव पिंपळगाव सराई. सियाचीनवर कर्तव्यावर असताना मरण आलेला तो पहिला अग्निवीर.

या प्रत्येक वेळी जिल्ह्यातल्या शाळांनी काहीतरी केलं. केलंच पाहिजे होतं. परिपाठाला फोटो ठेवला, हार घातला, दोन मिनिटं शांतता पाळली, घोषणा दिल्या, आणि साडेअकराला गणिताचा तास सुरू झाला. शिक्षकांना मी यात दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आठ वर्षांच्या मुलासमोर मरण कसं मांडायचं. शासनाचं परिपत्रक येतं ते ‘कार्यक्रम घ्यावा व छायाचित्रांसह अहवाल सादर करावा’ इथपर्यंत. मुलाच्या मनात काय घडावं, हा परिपत्रकाचा विषय नसतो. छायाचित्र मात्र हवंच असतं.

ही पुस्तिका पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी आहे आणि ती तिथून सुरू होते जिथे परिपत्रक थांबतं. तिच्यातले पाठ पुढे आहेतच. त्यांची उजळणी मी इथे करणार नाही. या पाठांच्या मागे जो विचार आहे तो माझ्या शब्दांत सांगावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. विचार साधा आहे. मुलाला आधी माणूस भेटू द्यावा, त्याचं मरण नंतर. आपण नेमकं उलटं करतो. फोटोतल्या माणसाबद्दल मुलांना पहिली आणि बहुतेक वेळा शेवटची गोष्ट कळते ती तो कसा गेला ही. तो कुठल्या शाळेत होता, कबड्डीत कुठल्या बाजूला खेळायचा, पोहायला कुठल्या विहिरीवर जायचा, त्याला भाकरीबरोबर काय आवडायचं, हे कुणी सांगत नाही. मग त्याच्या जाण्याने गावातलं नेमकं काय कमी झालं ते मुलाला कळावं कसं? ज्याच्याकडे काही होतं हेच माहीत नाही, त्याने काय दिलं याचा हिशेब मूल लावू शकत नाही.

मूल रिकाम्या पाटीने शाळेत येतं असंही नाही. गेलेल्या माणसाची आठवण ठेवण्याची रीत त्याने घरी पाहिलेली असते. आखाजीला आपल्याकडे घागर भरतात. आजोबांच्या नावाने, पणजीच्या नावाने. पितृपंधरवड्यात पान वाढतात आणि जो गेला त्याच्या आवडीचं काहीतरी त्या पानात आवर्जून असतं. कढी, वडे, कुणाच्या घरी चक्क चहाचा कप. पाच वर्षांचं पोरही विचारतं, हे कुणाचं? आणि आई सांगते, तुझ्या बाबाच्या बाबांचं. त्यांना हे फार आवडायचं. ज्या मुसलमान घरातलं मूल वर्गात बसलेलं असतं, तेही शब-ए-बरातला वडिलांबरोबर कबरस्तानात जाऊन आलेलं असतं. म्हणजे नाव, नातं आणि आवड या तीन गोष्टींनी गेलेल्या माणसाला जवळ ठेवायचं असतं, हे घराने शिकवून पाठवलेलं आहे. शाळेने फक्त त्या धाग्याला धरून पुढे जायचं. आम्ही मात्र तो धागा उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि लाउडस्पीकर लावतो.

महाराष्ट्रातल्या मुलाला बलिदानाचा पहिला धडा मिळतो चौथीत. १९७० पासून पिढ्यान्‌पिढ्या चौथीची मुलं शिवछत्रपतींचा इतिहास वाचत आली आहेत. घोडखिंडीत झुंजणारे बाजीप्रभू आणि सिंहगडावर पडलेले तानाजी त्यांना तिथे भेटतात. हे धडे मुलांना का आवडतात याचा शिक्षकांनी जरा विचार करावा. तलवारी आहेत म्हणून आवडतात, हे खरं, पण तेवढंच नाही. तानाजीच्या गोष्टीत लढाईच्या आधी लग्न आहे. रायबाचं लग्न ठरलेलं, बाप आमंत्रण घेऊन राजांकडे आलेला, आणि तिथून तो थेट कोंढाण्यावर जातो. मुलांना तानाजी आधी बाप म्हणून भेटतो. म्हणूनच धडा संपल्यावर एखादी मुलगी हमखास विचारते: मग रायबाचं लग्न झालं का? पुष्कळ वर्गांत या प्रश्नावर हशा पिकतो आणि गुरुजी पुढच्या धड्याकडे वळतात. माझ्या मते त्या तासातला तोच सगळ्यांत मोलाचा प्रश्न. जो गेला त्याच्या मागे राहिलेल्यांचं काय झालं, हे त्या मुलीने विचारलं आहे. महाराजांनी पुढे ते लग्न लावून दिलं, असं परंपरा सांगते. ते सांगावं आणि तिथेच थांबू नये. आजच्या रायबांचं कोण बघतं, हा पुढचा प्रश्न. त्याकडे शेवटी येतो.

आपल्या जिल्ह्याला तर यासाठी सिंदखेड राजा आहे. १२ जानेवारीला राज्यभरातून माणसं येतात, शाळांच्या सहली येतात, जिजाऊंच्या जन्मस्थळी रांगा लागतात. १५९८ मध्ये तिथे जन्मलेली मुलगी पुढे शिवरायांची आई झाली, ही गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ असते. पण त्या मुलीने स्वतः काय सोसलं, ते फारसं सांगितलं जात नाही. जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात तिचे वडील लखुजी जाधवराव दग्याने मारले गेले. त्यांच्याबरोबर दोन मुलगे, अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव. एकाच दिवशी बाप, दोन भाऊ आणि भाचा. त्याच्या सहा वर्षं आधी, खंडागळ्यांच्या हत्तीवरून पेटलेल्या मारामारीत दत्ताजी हा भाऊ गेला होता, तोही सासरच्या आणि माहेरच्या माणसांमध्येच तलवारी उपसल्या जाऊन. पुढे थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात पडला. आपण जिजाऊंना वीरमाता म्हणतो. त्या वीरकन्या होत्या, बहीण होत्या, आणि मुलगा गमावलेल्या आई होत्या. सहलीला गेलेल्या मुलांना लखुजीरावांच्या समाधीपाशी सावलीत बसवून डबे उघडतात. छान प्रशस्त वास्तू आहे, सावली गार असते, बसावंच. पण डबा खाताखाता एवढं सांगायला काय हरकत आहे की ज्या मुलीचा वाडा आपण सकाळी पाहिला, तिच्या वडलांची ही समाधी? मुलं घास हातात धरून ऐकतात.

तिथून जवळच साखरखेर्डा आहे, त्याच तालुक्यात. ऑक्टोबर १७२४ मध्ये तिथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला, निजामाची दख्खनवरची पकड पक्की झाली आणि हैदराबादच्या राज्याचा पाया तिथे घातला गेला. जिंकणाऱ्याने गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं. गावकऱ्यांनी साखरखेर्डाच म्हटलं, ते आजपर्यंत. या लढाईचा इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उल्लेख येतो. दोन्ही बाजूंनी जे साधे शिपाई पडले त्यांचं एकही नाव मुलांना सांगता येणार नाही. पाचवीच्या वर्गात मला हा धडा फार कामाचा वाटतो, कारण नाव लिहून ठेवणं ही किती अलीकडची गोष्ट आहे ते त्यातून कळतं. राजाचं नाव शिलालेखात जायचं, सरदाराचं बखरीत, आणि शिपायाचं कुठेच नाही. प्रत्येक शिपायाचं नाव कोरायचं, तो कुणीही असो, ही कल्पना शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे फार जात नाही. पहिल्या महायुद्धानंतर ती जगभर रुजली. दिल्लीच्या इंडिया गेटवर हजारो नावं आहेत ती त्याच काळातली. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी या गावाला नावातच लष्कर मिळालं, तेही त्याच महायुद्धाचं देणं. त्या एका गावाने तेव्हा ४६ माणसं गमावली.

आता आपल्या गावात या. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ अभियानात ग्रामपंचायतींनी शिलाफलक उभारले. स्वातंत्र्यसैनिकांची आणि देशासाठी प्राण दिलेल्यांची नावं कोरली, शेजारी रोपं लावली, कलशात माती भरून ती दिल्लीला पाठवली. अनेक गावांत हा फलक शाळेच्या आवारात किंवा आवाराला लागूनच आहे. तीन वर्षांत काही फलकांच्या पायथ्याशी बकऱ्या बसतात, काहींवर निवडणुकीचे कागद चिकटले, काहींपुढे मोटारसायकली लागतात. रोपांचं काय झालं ते मार्चच्या उन्हाला विचारावं. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. दगड उभा करणं हे एका दिवसाचं काम होतं आणि ते झालं. त्याची राखण हे वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि ते करायला गावात शाळेइतकी टिकाऊ दुसरी संस्था नाही. सरपंच पाच वर्षांनी बदलतो. तिसरीचा वर्ग दरवर्षी असतोच.

नेदरलँड्समध्ये शाळा आपल्या गावातलं एखादं युद्धस्मारक दत्तक घेतात. वर्गातली मुलं ते झाडतात, त्याची माहिती गोळा करतात, ४ मे या स्मरणदिनी फुलं वाहतात आणि वर्ष संपलं की ती जबाबदारी खालच्या वर्गाच्या हातात देतात. त्यात मला आवडतो तो हा शेवटचा भाग. आपल्या शाळेतही तो सहज बसतो. चौथीने तिसरीला फलक सोपवायचा, त्या दिवशी एक वही द्यायची. वहीत फलकावरच्या एकेका नावाला एक पान. दर वर्षी मुलांनी त्या पानावर एखादीच नवी गोष्ट मिळवून लिहायची: काकांकडून, बालमित्राकडून, जुन्या मास्तरांकडून. पाच-सहा वर्षांत त्या वहीत गावाजवळ नसलेलं काहीतरी जमा होईल. या पुस्तिकेतल्या पाठांचा कणा म्हणजे ही वही. फलकावर एकही नाव नसलेलं गाव असेल तर शेजारच्या गावाचं नाव घ्यावं. माणसं काही गावच्या शिवेने बांधलेली नसतात.

वही भरताना मुलं प्रश्न विचारतील आणि शिक्षकाची फजिती होईल अशा दोन-तीन जागा आधीच सांगून ठेवतो.

पहिली जागा: सगळे वर्दीवाले सैनिक नसतात. पुलवाम्यात गेलेले सैन्यातले नव्हते. केंद्रीय राखीव पोलीस दल गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. जांभुळखेड्याचे तर महाराष्ट्र पोलीस होते. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्धस्मारक, जे २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं आणि जिथे तेव्हा २५,९४२ नावं कोरलेली होती, ते भूदल, नौदल आणि वायुदलाचं. पोलिसांचं राष्ट्रीय स्मारक वेगळं आहे, चाणक्यपुरीत. ते २१ ऑक्टोबर २०१८ ला झालं आणि त्यावर ३४ हजारांहून अधिक नावं आहेत. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन, कारण १९५९ मध्ये त्या दिवशी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला चिनी गोळीबारात राखीव पोलीस दलाचे १० जवान पडले होते. हा फरक मुलांना सांगायचा तो कोण मोठा ते ठरवण्यासाठी नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणारा दादा आणि सैन्यभरतीसाठी धावणारा दादा हे एकाच रस्त्यावर धावतात, हे मुलांनी रोज पाहिलेलं असतं. ते धावून कुठे कुठे पोचतात, एवढं कळलं तरी पुरे.

लेथपोऱ्याला, स्फोट झाला त्या जागेजवळच, राखीव पोलीस दलाच्या तळावर वर्षभरानंतर, १४ फेब्रुवारी २०२० ला ४० जणांचं स्मारक झालं. उमेश गोपीनाथ जाधव या बंगळुरूत राहणाऱ्या मराठी संगीतकाराने त्यासाठी देशभर ६१ हजार किलोमीटर प्रवास करून त्या चाळीसही जणांच्या घरची माती गोळा केली होती. त्या मातीचा कलश तिथे ठेवला आहे. मलकापूरची काळी माती आणि चोरपांग्र्याची माती आज काश्मिरात आहे. नकाशाच्या तासाला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही. दोन दोरे घ्या, एक मलकापूरला टाचणीने टोचा, एक लोणारला, आणि दोन्हीची टोकं श्रीनगरच्या खाली नेऊन बांधा. मुलांना वाटेतली राज्यं मोजू द्या.

दुसरी जागा: सियाचीन. तिथे कुणी गोळी झाडली, असं मुलं विचारतील. १९८४ च्या एप्रिलपासून आपलं सैन्य त्या हिमनदीवर आहे, आणि तिथे माणसं शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने जास्त गेली आहेत. हे आपल्या मुलांना समजावणं अवघड आहे. मलकापूर-शेगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. बर्फ म्हणजे त्यांच्यासाठी जत्रेतला गोळा. उणे पन्नास हा आकडा फळ्यावर लिहून काही होत नाही. त्यापेक्षा बर्फाचा तुकडा प्रत्येकाच्या मुठीत द्या आणि तीस आकडे मोजायला सांगा. वीसच्या आत मुठी उघडतात. मग सांगा की पिंपळगाव सराईचा एक दादा, ज्याने लहानपणी तुमच्यासारखंच ऊन पाहिलं, तो या थंडीत झोपायचा, उठायचा, पहारा द्यायचा. युद्ध नसतानाही माणसं जातात, आणि राखण हेच रोजचं काम असतं, हे या उदाहरणातून जेवढं कळतं तेवढं लढाईच्या गोष्टीतून कळत नाही.

तिसरी जागा जास्त नाजूक आहे. स्नेहसंमेलनातली देशभक्तीपर नाटिका. मंचावर फटाके फुटतात, लाल रंग ओततात, एक मुलगा तिरंग्यात गुंडाळून झोपतो, एक मुलगी आई होऊन टाहो फोडते, प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि टाळ्या पडतात. मला या नाटिकांचं कधीच कौतुक वाटलेलं नाही. मरणाचं सोंग करून मुलाला मरण कळत नाही. टाळ्या कशाला मिळतात तेवढं कळतं. आणि एक प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाने पडद्यामागे उभं राहून स्वतःला विचारावा: अतिरेक्याचं काम कुणाला दिलं? वर्गातल्या कुठल्या मुलाला, कुठल्या आडनावाच्या, आणि का? त्या मुलाची नंतर मधल्या सुट्टीत काय गत होते ते मुलं शिक्षकांना सांगत नाहीत. पिंपळगाव सराई हे सैलानीबाबांच्या दर्ग्याचं गाव आहे. होळीच्या सुमारास तिथे भरणाऱ्या यात्रेत हिंदू आणि मुसलमान दोघेही लाखोंनी येतात. ज्या गावाचा मुलगा सियाचीनवर गेला त्या गावची ओळख ही आहे. सैनिकाची आठवण ठेवण्यासाठी शेजारच्या बाकावरचा एक मुलगा परका करावा लागत असेल, तर त्या कार्यक्रमात काहीतरी मुळातच चुकलं आहे. पुस्तिकेत म्हणूनच एकही नाटिका नाही. काही शिक्षक नाराज होतील, होवोत.

आता वर्गातल्या त्या मुलाबद्दल, ज्याच्या घरातलंच कुणी गेलं आहे. आपल्या जिल्ह्यात ही शक्यता कल्पनेतली नाही. मुलगा असेल, पुतण्या असेल, भाची असेल. कार्यक्रमाच्या दिवशी त्याला पुढे बोलावून सत्कार करायचा, माइक हातात द्यायचा, रडलं तर कॅमेरा जवळ न्यायचा, हे आपल्याकडे सर्रास होतं. हे थांबवा. त्या मुलाला किंवा त्याच्या आईला आठवडाभर आधी विचारा: आम्ही असं असं करणार आहोत, तुम्हाला यायचं आहे का, बोलायचं आहे का, की त्या दिवशी घरी राहायचं आहे? तिन्ही उत्तरं बरोबर. आणि त्या मुलाला वर्षभर ‘शहिदाचा मुलगा’ म्हणून हाक मारू नका. पहाडे चुकले तर त्यालाही इतरांसारखंच पुन्हा म्हणायला लावा. वीरमाता, वीरपत्नी या उपाधी गावाने आदराने दिलेल्या असतात, पण त्या बाईला शेतीचा सातबारा, मुलांची फी आणि सासूचं औषध हेही असतं. पुस्तिकेतल्या एका पाठात मुलं तिला भेटायला जातात ती भाषण ऐकायला नाही. तिला काय हवं आहे ते विचारायला.

वयाचंही भान हवं. पहिली-दुसरीच्या मुलाला मरण म्हणजे परत न येणं हे पुरतं उमगलेलं नसतं. ‘ते अमर झाले’ असं सांगितलं तर ते मूल खरंच विचारतं, मग ते कधी येणार? अशा मुलांसमोर अलंकार वापरू नयेत. ते गेले, ते परत येणार नाहीत, आपल्याला त्यांची आठवण येते, म्हणून आज फूल वाहायचं. एवढी चार साधी वाक्यं. तिसरी-चौथीत नकाशा, फोटो, वही, मुलाखत. पाचवीत ‘का’ हा प्रश्न: भांडण कशावरून झालं, मिटवता आलं असतं का, दुसऱ्या बाजूच्या घरातही कुणी रडलं असेल का. या शेवटच्या प्रश्नाला काही पालक हरकत घेतील. मुलं तो विचारतातच, आपण फळ्यावर लिहो अगर न लिहो. शांततेचंही असंच. ३० जानेवारीला सकाळी अकराला देशभर दोन मिनिटं मौन असतं. पहिलीच्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे अख्खी दुपार. तिसाव्या सेकंदाला कुणीतरी कुणाला तरी चिमटा काढतं आणि मग मौनाऐवजी धपाटा लक्षात राहतो. लहानांना अर्धं मिनिट द्या आणि त्या अर्ध्या मिनिटात करायला काहीतरी द्या, वहीतलं एक नाव मनात म्हणायला सांगा.

माजी सैनिकांना शाळेत बोलवा, हे तर सगळेच सांगतात. बोलवाच. गावात ते असतात; कुणी बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा असतो, कुणी शेती करतो, कुणी सकाळी चौकातल्या हॉटेलात पेपर वाचतो. पण त्यांना ‘तुम्ही किती जणांना मारलं’ असं विचारू नये, हे मुलांना आधी सांगून ठेवावं. विचारायचं ते असं: पहिल्या रात्री झोप लागली का? घरचं पत्र किती दिवसांनी मिळायचं? तुमच्याबरोबरचे मित्र कुठल्या राज्यांचे होते, ते काय खायचे? तामिळ मित्राने शिकवलेला एखादा शब्द आठवतो का? ज्या माणसाला चौकात कुणी हे कधी विचारलं नाही तो तासभर बोलतो. आणि तो स्वतःहून ज्या मित्राचं नाव काढेल आणि जरा थांबेल, ते नाव वहीत लिहून घ्यावं, गाव परराज्यातलं असलं तरी.

राहता राहिले आजचे रायबा. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो, आणि आपल्याला तो आठवतो छोट्या ध्वजाच्या स्टिकरवरून. शाळेत गठ्ठा येतो, मुलांकडून पैसे जमतात, स्टिकर कंपासपेटीवर चिकटतात, पावती दप्तरी जाते. हे पैसे कुठे गेले, असं एखाद्या चौथीच्या वर्गाने कधी विचारलं आहे का? ध्वजनिधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जमा होतो आणि तो वीरपत्नींसाठी, माजी सैनिकांसाठी, त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी असतो. अग्निवीराला आणि नेहमीच्या सैनिकाला मिळणाऱ्या लाभांत फरक आहे, त्यावरून अक्षय गवते गेल्यावर देशभर वादही झाला. पाचवीचं मूल हे टीव्हीवर ऐकतं आणि विचारतं. उत्तर माहीत नसेल तर शिक्षकाने ते बनवू नये, आणि मोठ्यांचं राजकारण म्हणून उडवूनही लावू नये. मुलांकडूनच जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना पत्र लिहून घ्यावं: आमच्या शाळेने इतके रुपये दिले, ते कशासाठी खर्च होतात, आणि आमच्या फलकावर ज्यांचं नाव आहे त्यांच्या घरी काय मदत पोचली? पत्रलेखन तसंही अभ्यासक्रमात आहे. काल्पनिक मामाला सुट्टीचं आमंत्रण लिहून मुलं कंटाळलेली असतात. पाकिटावर तिकीट लावायचं आणि पत्त्यात पिनकोड विसरायचा नाही. उत्तर आलं तर ते वहीत चिकटवायचं, आणि महिन्याभरात आलं नाही तर स्मरणपत्र कसं लिहितात तेही शिकवून टाकायचं.